मावळचा दारूखाना आणि आमचे मौन

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल देहूरोड, बेगडेवाडी ओलांडून घोरावाडीला थांबते. या लहानशा स्थानकाच्या एका बाजूला तळेगाव आणि वडगाव, म्हणजे १७७९. दुसऱ्या बाजूला देहूरोडचा दारूगोळा डेपो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धापासून आजपर्यंतचा काळ. पहिल्या बाजूविषयी बोलायला आम्हां मावळकरांना निमित्त लागत नाही. दुसरीविषयी मात्र आम्ही असे गप्प बसतो, की तारेचे कुंपण लागले तिथे इतिहासच संपला असे एखाद्या परक्याला वाटावे.

हे लिहिण्यास कारण घडले ते असे. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘आपल्या परिसराचा सैनिकी इतिहास’ या विषयावरील एका निबंधस्पर्धेसाठी आमच्या एका विद्यार्थिनीने डेपोत उमेदीची वर्षे घालवलेल्या आपल्या आजोबांच्या आठवणी लिहून काढल्या. निबंध परत आला. शेरा असा होता : ‘विषय सैनिकी इतिहासात बसत नाही; वाङ्मयीनही नाही.’ बक्षीस मिळाले ते वडगावच्या विजयावरील निबंधाला. त्यात तलवारी नऊ वेळा तळपल्या आहेत. (आम्ही मोजल्या.) मुलाचा दोष नाही, आम्हीच त्याला असे लिहायला शिकवले आहे.

तेव्हा आधी वडगावच पाहू. रघुनाथरावांना पुण्यात बसवण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० माणसांची फौज डिसेंबर १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून आली. सोबत तोफा, आणि सामानसुमानाचे हजारो बैल. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचे आठेक मैल चालायला या लटांबराला अकरा दिवस लागले. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. ९ जानेवारीला तळेगाव गाठले, तर मराठ्यांनी गाव आधीच रिकामे करून जाळलेले. दाणा नाही, वैरण नाही. पुणे दोन मजलांवर असताना ११ जानेवारीच्या रात्री या फौजेने जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, नेता न येणारे सामान पेटवले आणि माघार घेतली. पुढे वडगावला तिला गराडा पडला आणि तह झाला.

यात तलवार नव्हती असे कोण म्हणेल? परंतु निकाल लागला तो रसदेवर, बैलांवर, वैरणीवर आणि हलवता न आलेल्या तोफांवर. महादजी शिंदे आणि पुण्याचे कारभारी यांचे शहाणपण हे, की त्यांनी शत्रूच्या छातीआधी त्याची कोठी ओळखली. ज्या लढाईचा जयजयकार करायचा ती अशी, आणि ‘कोठार हा सैनिकी इतिहास नव्हे’ असा शेरा त्याच लेखणीने मारायचा! परीक्षकांनी वडगावची लढाई वाचली आहे की केवळ तिच्या घोषणा ऐकल्या आहेत, अशी शंका आम्हांस येते.

आता ‘वाङ्मयीन नाही’ या शेऱ्याकडे वळू. ज्यांनी मराठीचे एम.ए. केले त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ वाचलेले असते, निदान परीक्षेपुरते तरी. जुन्या मराठी गद्याचा नमुना म्हणून आपण ते वर्गात शिकवतो. त्यातील दुर्गांविषयीच्या प्रकरणात दारूखाना कोठे असावा याचा विचार आहे : तो घराजवळ नसावा, घराच्या वाऱ्याच्या दिशेला नसावा, दारूची मडकी ओलीपासून जपावीत. ज्या भाषेच्या अभिजात गद्यात दारूची मडकी मांडून ठेवलेली आहेत, त्या भाषेच्या प्राध्यापकांना दारूगोळा अवाङ्मयीन वाटावा, यास काय म्हणावे? अमात्यांना विषय लहान वाटला नाही, कारण ठिणगी पडली तर काय होते हे त्यांस ठाऊक होते. आमच्या भाषेत ‘पराक्रम’ उरला आणि ‘बेगमी’ लोणच्या-पापडांपुरती राहिली.

इंग्रज मात्र विसरले नाहीत. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर खडकीला छावणी झाली, १८६९ मध्ये तिथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. दरम्यान १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला, १८६३ मध्ये बोरघाटही जोडला गेला. हा मार्ग केवळ लष्करासाठी झाला असे आमचे म्हणणे नाही; पण अकरा दिवसांची वाट आगगाडीने काही घटकांवर आणली, हे खरे. पुढे देहूरोडला डेपो झाला तो याच मार्गालगत. स्वातंत्र्यानंतर तो आपला झाला. तिथे दारूगोळ्याचा कारखानाही आला. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी आणि देहूरोडचे कारखाने एकाच कंपनीत गेले.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला गुप्ततेचा. कोणत्या शेडमध्ये काय ठेवले आहे हे आम्ही विचारतच नाही. जमिनी कोणाच्या गेल्या, कामाला कोण आले, वस्त्या कशा वसल्या, हे विचारतो. १९०३ च्या कायद्याखाली डेपोभोवती दोन हजार यार्डांचा जो ‘रेडझोन’ आला, त्यात घर बांधता न येणाऱ्यांची कथा तर वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत उघडी पडलेली आहे. मराठी गद्यात तेवढी नाही. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. डेपोच्या शेजारची ही वस्ती इतिहासाबाहेरची कशी?

दुसरा आक्षेप : हे सारे परक्यांनी उभारलेले. बरे, परक्यांचे म्हणता? कार्ल्याला पडलेला तो स्टुअर्ट. मावळाने त्याला ‘इष्टुर फाकडा’ केले. वडगावात त्याची म्हणून दाखवली जाणारी समाधी लोक आजही जपतात. चाल करून आलेल्या शत्रूला नाव, बिरूद आणि फुले देण्याइतके ज्यांचे मन मोठे, त्यांना चाळीस वर्षे पेट्या वाहिलेल्या आपल्याच माणसासाठी एक परिच्छेद जड व्हावा?

तो निबंध आम्ही परत मागून घेतला आहे. त्यात आजोबा सांगतात, की गेटावर काडेपेटी जमा करण्याची सवय अंगात इतकी भिनली, की निवृत्तीनंतरही देवापुढे दिवा लावताना हात क्षणभर थांबतो. विद्यार्थिनीच्या वहीत आणखी चार निवृत्त कामगारांची नावे आहेत. त्यांतील एकांना ऐकू कमी येते. सकाळी लवकर या, तेव्हा घरात गलका नसतो, असा त्यांचा निरोप आहे. येत्या रविवारी पहिल्या लोकलने आम्ही तिच्यासोबत जाणार आहोत.