‘ड्रॉट’चा प्रतिशब्द आणि दुष्काळाचा अर्थ

‘ड्रॉट’ या इंग्रजी शब्दापुढे ‘अवर्षण, अनावृष्टी, दुष्काळ’ असे प्रतिशब्द स्वल्पविरामांनी जोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘फॅमिन’ हा शब्द काढला तर तेथेही ‘दुष्काळ’ भेटतो. विद्यार्थी या प्रतिशब्दांना समानार्थी मानतात, अध्यापकही बहुधा तेथेच थांबतात. याचा परिणाम पाहायचा असेल तर एक साधे इंग्रजी विधान अनुवादासाठी द्यावे : महाराष्ट्रात 1972 साली ‘ड्रॉट’ होता, ‘फॅमिन’ नव्हता. कोशाच्या आधाराने अनुवाद करणारा प्रामाणिक विद्यार्थी ‘दुष्काळ होता, पण दुष्काळ नव्हता’ येथवर येऊन पोहोचतो. हा केवळ गमतीचा प्रसंग नव्हे. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी 1989 मधील आपल्या ग्रंथात महाराष्ट्राच्या त्या वर्षांची जी चिकित्सा केली, तिचा गाभाच मुळी या भेदात आहे : पिके गेली, परंतु कामे काढून लोकांच्या हाती मजुरी दिल्यामुळे भूकबळींची लाट आली नाही. हा भेद सांगण्यासाठी मराठीत ‘अवर्षण’ आणि ‘दुर्भिक्ष’ हे दोन शब्द उपलब्ध आहेत. आपण ते वापरत नाही, हा भाग वेगळा.

इंग्रजीतील हे शब्द कशापासून निघाले ते पाहावे. ‘ड्रॉट’चे नाते कोरडेपणाशी आहे, ‘फॅमिन’चे मूळ भुकेच्या लॅटिन शब्दात आहे, आता मागे पडलेला ‘डर्थ’ हा शब्द तर ‘डिअर’पासून, म्हणजे महागाईपासून आला. एकाने आभाळाकडे पाहिले, दुसऱ्याने पोटाकडे, तिसऱ्याने बाजाराकडे. आपल्या ‘दुर्भिक्ष’ शब्दातही अशी एक नेमकी नजर आहे : भिक्षा मिळणे जेव्हा कठीण होते ती स्थिती. ‘दुष्काळ’ मात्र या कोणत्याच पंक्तीत बसत नाही. त्यात पाऊस नाही, भूक नाही, भावही नाही. त्यात आहे तो काळ. वाईट काळ, एवढाच त्याचा व्युत्पत्त्यर्थ. ‘सुकाळ’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द. ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीचा सारा जोर याच अर्थावर उभा आहे. काळच वाईट, आणि अधिकमासाने तो आणखी एका महिन्याने लांबवला. या म्हणीत ‘दुष्काळ’ काढून ‘अवर्षण’ घालून पाहावे, म्हण मरते.

दामाजीपंतांची कथा मंगळवेढ्याची. त्या कथेत धान्य संपलेले नाही. ते बादशाही कोठारात कुलूपबंद आहे आणि दाराशी माणसे उपाशी आहेत. इंग्रजीत हिला ‘ड्रॉट’ची कथा म्हणणे अपुरे आणि ‘स्केअर्सिटी’ची कथा म्हणणे चुकीचे ठरेल. मराठी कथनपरंपरा तिला निःशंकपणे दुष्काळाची कथा म्हणते, कारण आभाळ, कोठार आणि सत्ता या तिन्हींचा मिळून तो काळ वाईट आहे.

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की जिल्ह्याच्या हद्दीजवळ तामलवाडी लागते. आज ही दोन जिल्ह्यांची हद्द आहे. 1948 पूर्वी ती दोन राजवटींची होती. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचे राज्य. एकाच न पडलेल्या पावसाची नोंद एका बाजूच्या दप्तरात ‘फॅमिन’च्या भाषेत होई, दुसऱ्या बाजूच्या उर्दू दप्तरात ‘कहत’ किंवा ‘खुश्कसाली’च्या. उर्दूही येथे इंग्रजीसारखीच काटेकोर : पहिला शब्द भुकेचा, दुसरा कोरड्या वर्षाचा. शेतकरी मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना ‘दुष्काळ’च म्हणत होता. म्हणजे या परिसरातल्या माणसाचा हा शब्द सरकारदरबारी पोहोचेपर्यंत नेहमी दुसऱ्या भाषेत गेला, आणि तेथून परत येताना वेगळाच शब्द होऊन आला. त्या परतीच्या प्रवासाचीच चर्चा येथे करावयाची आहे.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर 1963 साली विधिमंडळाने एक विलक्षण अधिनियम केला. राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञाच काढून टाकणे हा त्याचा विषय. शासन शेतीच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजते, तेव्हा ‘फॅमिन’ उद्भवण्यास वाव उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. एखादा शब्द कालबाह्य झाला असे विधिमंडळाने ठरवावे, ही भाषेच्या अभ्यासकांसाठी दुर्मीळ घटना आहे. त्या जागी ‘स्केअर्सिटी’ आली, आणि तिच्या पाठोपाठ शासकीय मराठीत ‘टंचाई’ : टंचाई निवारण, टंचाई आराखडा, टंचाईग्रस्त गाव. कायद्यातून शब्द गेल्यावर नऊच वर्षांनी बहात्तर साल उजाडले. खडी फोडलेली, सुखडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लेली पिढी मराठवाड्यात अजून हयात आहे. ती ‘बहात्तरची टंचाई’ म्हणत नाही. टंचाई रॉकेलची असते, साखरेची असते, वर्षाची नसते.

टंचाईने भागेना तेव्हा आणखी एक शब्द घडवला गेला : ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने या शब्दापाशी अवश्य थांबावे. ‘सदृश’ हा उपमावाचक शब्द आहे. मम्मटाने उपमेचे लक्षण सांगताना साधर्म्याबरोबर भेदही सांगितला आहे; मुख चंद्रासारखे आहे असे म्हणणारा मुख चंद्र नव्हे हेही सांगत असतो. त्या न्यायाने ज्या गावाला ‘दुष्काळसदृश’ म्हटले त्या गावात दुष्काळ नाही, अशी ग्वाही त्या शब्दानेच दिलेली असते. मे 2016 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात याचिका चालू असताना, सुमारे 29 हजार गावांच्या बाबतीत ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ हा शब्द शासनाने मान्य केला. उपमेचे रूपक होण्यास न्यायालयापर्यंत जावे लागले! पुढे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात धाराशिव, वाशी आणि लोहारा होते; तुळजापूर नव्हता. लगोलग नोव्हेंबरात इतर तालुक्यांतील 1021 महसुली मंडळांसाठी ‘दुष्काळसदृश’ पुन्हा अवतरला. महसुलातील सूट, कर्जवसुलीस स्थगिती, परीक्षा शुल्काची माफी अशा सवलतींत दोहोंमध्ये फार अंतर नव्हते. परंतु केंद्राकडे मदतीची मागणी गेली ती 40 तालुक्यांसाठी. एका प्रत्ययवजा शब्दाची ही किंमत आहे. आपण अलंकार शिकवताना अशी उदाहरणे का घेत नाही, हे मला कळत नाही.

शासनाची अडचण अगदीच खोटी नाही, हे मान्य करावयास हवे. दुष्काळ जाहीर करणे म्हणजे तिजोरीवर बोजा घेणे. त्यासाठी निकष लागतात, आणि 2016 च्या केंद्रीय संहितेने पर्जन्यमान, जमिनीतील ओल, पिकांची स्थिती असे मोजता येणारे निकष दिले. मोजमापाला ‘वाईट काळ’ चालत नाही. माझा आक्षेप मोजमापाला नसून, ‘ड्रॉट’साठी केलेले मोजमाप ‘दुष्काळ’ या शब्दावर लादण्याला आहे. ते किती अडते याचा पडताळा सप्टेंबर 2025 मध्ये याच जिल्ह्यात आला. अतिवृष्टीने परंडा, भूम भागात पिके आणि मातीही वाहून गेली. लोकांनी ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा अशी मागणी केली. अशी संज्ञा संहितेत कोठेही नाही, मात्र दुष्काळातल्या सवलती देऊ, असे राज्याच्या प्रमुखांकडून उत्तर आले. सवलती मिळाल्या हे बरे झाले. पण उत्तरातील भाषिक गोम पाहण्यासारखी आहे. ‘ड्रॉट’चे मूळच कोरडेपणात असल्यामुळे ओला ‘ड्रॉट’ ही इंग्रजीत वदतोव्याघाताची गोष्ट ठरते, आणि इंग्रजी संहितेत ती नसणे स्वाभाविकच आहे. मराठीत मात्र ओला दुष्काळ आणि कोरडा दुष्काळ हे एकाच शब्दाचे दोन रास्त प्रकार आहेत. काळ पाण्याविना वाईट होतो तसा पाण्यानेही होतो. लोकांची मागणी व्याकरणाने शुद्ध होती. संहितेच्या अनुवादात ती बसत नव्हती, इतकेच.

साहित्याच्या अभ्यासातही हीच गल्लत होते. ‘बनगरवाडी’च्या अखेरीस गाव ओस पडते, ते प्रकरण ‘अवर्षणाचे चित्रण’ म्हणून प्रबंधांत नोंदवले जाते. पाऊस न पडणे हे तेथे निमित्त आहे. विस्कटतो तो मेंढरांभोवती रचलेला एक अख्खा काळ. ‘दुष्काळाचे चित्रण’ असे लिहिले असते तर नोंद बरोबर ठरली असती, मात्र तो शब्द ‘ड्रॉट’चा प्रतिशब्द म्हणून लिहिलेला नसावा.

‘ड्रॉट’साठी लोकांकडे शब्द नाहीत असेही नाही. पावसाने ओढ दिली, दडी मारली, हुलकावणी दिली, डोळे वटारले : या क्रियापदांत पावसाच्या न येण्याच्या पायऱ्या आहेत, आणि त्यांतील कोणतीही पायरी अजून दुष्काळ नव्हे. ‘खंड’ हा शब्द तर पीकविम्याच्या 21 दिवसांच्या अटीमुळे 2023 च्या खरिपात घरोघरी पोहोचला. पीक मोजायला दशमान नाणी आल्यावर ‘पैसेवारी’ हा शब्द निघाला, तरी कट्ट्यावर ‘आणेवारी’च चालते आणि चांगले साल अजूनही सोळा आणेच असते. तामलवाडीपासून परंड्यापर्यंतचे असे शब्द, ते कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पिकाच्या संदर्भात वापरले जातात यासह, एखाद्या पदव्युत्तर वर्गाने दोन पावसाळे गोळा केले तर ‘ड्रॉट’ची नोंद नव्याने लिहिता येईल. त्या नोंदीत ‘दुष्काळ’ शेवटच्या स्वल्पविरामानंतर असू नये. त्याची नोंद वेगळी, ‘काळ’ या शब्दाखाली असावी.