जिंडो असो की गावठी, इमान सारखेच

मिहानच्या आसपास फ्लॅट स्कीम उभ्या झाल्या आणि कुत्रा पाळण्याची हौसही वाढली. कोरियन मालिका बघणारी पोरे आता आम्हाला कोरियाच्या ‘जिंडो’ कुत्र्याबद्दल विचारू लागली आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, आधी स्वभाव समजून घ्या, मग हौस करा.

जिंडो हे दक्षिण कोरियाच्या नैऋत्य टोकाचे बेट. तिथला हा शिकारी कुत्रा १९६२ साली त्या देशाने राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केला. उभे कान, वर वळलेली शेपटी, वजन साधारण १८ ते २३ किलो. अंगाने स्वच्छ, डोक्याने हुशार. पण तो एकाच धन्याचा होतो, परक्यावर लवकर विश्वास ठेवत नाही, उंच भिंतही ओलांडतो आणि ससा, मांजर दिसली की धाव घेतो.

याच जातीच्या बेकगू नावाच्या कुत्रीची गोष्ट कोरियात सर्वांना ठाऊक आहे. १९९३ साली तिला सुमारे ३०० किलोमीटरवरच्या देजॉन शहरात विकले. ती तिथून निसटली आणि सात महिन्यांनी, हाडांचा सापळा होऊन, बेटावरच्या आपल्या म्हाताऱ्या मालकिणीच्या दारात येऊन उभी राहिली. मालकिणीने तिला पुन्हा दूर केले नाही. लोक तिच्या इमानाचे कौतुक करतात. आम्हाला मात्र त्यात दुसरीही गोष्ट दिसते : कुत्र्याची पावती दुसऱ्याच्या नावे करता येते, त्याचा जीव नाही.

म्हणून हिशेब आधी मांडा. कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. सहावीतल्या पोराने आणलेले पिल्लू त्याला नोकरी लागेपर्यंत घरात असते. खाणे, लस, औषध आणि रोजचा तासभर वेळ कोण देणार? भाड्याचे घर बदलले, बदली झाली, तर त्याला खापरीच्या रस्त्यावर सोडून देणार काय?

दुसरी गोष्ट उन्हाची. जिंडोच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. ते थंडीच्या मुलखासाठी. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. म्हणून उन्हाळ्यात त्याला पहाटे आणि रात्रीच फिरवा. आधी डांबरावर आपला तळहात टेकवून पाहा. हाताला चटका बसला तर त्याच्या पायालाही बसेल. सावली आणि पाणी दिवसभर हवे. खूप धाप, लाळ, लडखडणे दिसले तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओता आणि ताबडतोब डॉक्टरकडे न्या. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. गोचीड आठवड्यातून दोनदा तरी तपासा. कांदा, द्राक्षे, चॉकलेट देऊ नका.

कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधू नका. त्याने तो चिडका होतो आणि घरचीच लेकरे चावा खातात. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस द्या, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा. कोणालाही कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लगेच मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्समध्ये जा आणि सगळी इंजेक्शने पूर्ण घ्या. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही.

आता शेवटचे. मिहानसाठी तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरीच्या जमिनी गेल्या. या गावांच्या अंगणात जो पिवळट, आखूड केसांचा गावठी कुत्रा असतो, तो इथल्या उन्हात मुरलेला, काटक आणि तितकाच इमानी. त्याला किंमत मोजावी लागत नाही, म्हणून आपण त्याला किंमत देत नाही. राजगृहातला १९३४ चा बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो अनेक घरांत आहे. त्यात घरच्या माणसांसोबत टॉबी कुत्राही आहे. त्याची जात कोणी विचारत नाही.

पाळायचाच असेल तर गल्लीतले एखादे पिल्लू घरी आणा, लस द्या, नसबंदी करा. आणि एकदा ‘आपला’ म्हटला की शेवटपर्यंत आपलाच ठेवा.