कुठला कॅमेरा?

फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला. "कुठला कॅमेरा?" खिशातला साधा डिजिटल म्हटलं की समोरचा "तरीच" म्हणत नाही, पण ऐकू येतं.

कास पठारावरचा माझा एक फोटो आहे. पायवाटेवरच आडवं पडून काढलेला. पुढे नखाएवढं सीतेच्या आसवांचं फूल, मागे ओळखू येईल इतपत स्पष्ट पठार आणि खाली आलेले ढग. एका जाणकाराने निकाल दिला, बॅकग्राउंड ब्लर हवी होती. अहो, ढग आणि पठार काढून टाकलं तर ते फूल कुंडीतलंही असू शकतं! या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, फुल फ्रेमचा ३६ बाय २४. सेन्सर लहान, म्हणून लेन्सची फोकल लेंग्थ कमी, म्हणून जवळचं आणि लांबचं एकत्र सांभाळता येतं. तो दोष नाही, मला तेच हवं होतं.

अंधारात आयएसओ ४०० ला रवा सांडल्यासारखा दिसतो, मान्य. डिजिटल झूम तर निव्वळ कापाकापी. असो.

पण इतक्या जणांनी मेगापिक्सेल विचारले, "मस्त!" म्हटलं, आणि फोटोत काय चुकलंय ते एकानेही सांगितलं नाही. शेवटी आईने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "तिथली जमीन अशी तिरकी आहे का रे?"

क्षितिज चांगलं कललं होतं.