ग्राइंडरनं केलेली कन्व्हर्टिबल

मागच्या शनिवारी सकाळी अंथरुणातच होतो, तेवढ्यात माधवनगरहून मावसभावाचा फोन. "दादा, फोटो बघितलास का? नादखुळा गाडी हाय बघ!"

बघितला. बीएमडब्ल्यूची दोन दारांची थ्री सीरीज कूपे, 2004 चं मॉडेल, लालभडक, आणि छप्पर गायब. खाली विकणाऱ्याची ओळ : 'कूपेची कन्व्हर्टिबल केलेली, भारतात एकच पीस.' साडेसहा लाख. गाडी पुण्यात, मी पुण्यात, म्हणून बघून यायचं काम माझ्याकडे. साहेबांनी पंचवीस हजार टोकन आधीच पाठवून दिलेलं! म्हणजे माझं मत नको होतं, फक्त शिक्का हवा होता.

बघून आलो आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. मंडळी, अशा गाडीच्या वाटेला जाऊ नका. फुकट मिळाली तरी.

पोटापाण्यासाठी कोड लिहीत असलो तरी माझी डिग्री मेकॅनिकलची, सांगलीच्या वालचंदची. दुसऱ्या वर्षी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये एक गणित असतं. पातळ पत्र्याची एक बंद नळी घ्या आणि तशीच दुसरी, पण लांबीत एक चीर मारलेली. त्रिज्या जाडीच्या दहापट असेल, तर चिरलेली नळी पिळायला बंद नळीपेक्षा तीनशे पट सोपी! वजन तेच, पत्रा तोच. मार्कांपुरतं पाठ केलं होतं, खरं कळलं ते त्या यार्डात उभं राहून. गणित नको असेल तर काडेपेटी घ्या. दोन्ही टोकं धरून पिळून बघा. आता आतला खण बाहेर काढा आणि तोच पिळा.

आजच्या बहुतेक मोटारगाड्यांना वेगळी चासी नसते. तळ, खांब, छप्पर मिळून एकच पेटी, आणि ती पेटीच गाडीचा सांगाडा. छप्पर हे उन्हापावसासाठी वर ठेवलेलं झाकण नव्हे. ते कापलं की खड्ड्यात एक चाक गेल्यावर सगळी गाडी पिळवटते. दारं घासायला लागतात, पुढची काच कोपऱ्यातून तडकते, वेल्डिंगला चिरा पडतात. सगळं एका दिवसात होत नाही, हाच खरा धोका. टेस्ट ड्राइव्हला गाडी मख्खन चालते.

मावसभावाचा लगेच युक्तिवाद : "काकांची जीप जन्मभर उघडीच होती की!" होती. पण त्या जीपला खाली शिडीसारखी दणदणीत चासी होती, बॉडी नुसती वर बसवलेली. जीप जन्मालाच उघडी आली. 2020 साली आलेल्या थारमध्येही कापडी टप मिळायचा, पण खाली तीच शिडी आणि डोक्यावर कंपनीनं दिलेला रोल केज.

आणि कूपेची कन्व्हर्टिबल करूच नये असं मी म्हणत नाहीये. 1980 च्या दशकात अमेरिकेत टोयोटाची सेलिका कूपे एएससी नावाची कंपनी छप्पर काढून कन्व्हर्टिबल करायची. टोयोटाच्या संमतीनं, मजबुती वाढवून, आणि टोयोटाच्याच शोरूममधून विकली जायची. बीएमडब्ल्यूनं या थ्री सीरीजची स्वतःची कन्व्हर्टिबल काढली, तर ती कूपेपेक्षा शंभर किलोहून जास्त जड भरली. छप्पर काढून गाडी जड! ते किलो गेले कुठे? तळाला, उंबऱ्यांना, काचेच्या चौकटीला. उलटताना मागच्या सीटमागून उसळून वर येणारे दांडे आहेत. सीटबेल्ट खांबातून काढून सीटमध्येच बसवलाय, कारण खांबच उरला नव्हता.

आता यार्डातली गाडी. उंबऱ्याला आतून चौकोनी पाइप वेल्ड केलेला, वरून पुटी आणि रंग. बस्स. सीटबेल्टचं वरचं टोक कापलेल्या खांबाच्या बुंध्याला, म्हणजे खांद्याच्या खाली. धडक बसली की हा पट्टा खांदा मागे धरणार नाही, पाठीचा कणा खाली दाबेल. छताच्या कडेला असलेली डोक्याची एअरबॅग छपराबरोबर गेली. चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा पेटलाच नाही. (चांगल्या गाडीत तो काही सेकंद पेटून विझतो. न पेटणं म्हणजे कुणीतरी त्याची सोय केलेली असते.)

मी म्हटलं, जॅक लावून एक चाक उचलूया आणि दार उघड-बंद करून बघूया. पाच मिनिटांचं काम. गाडी पिळली तर दार लागणार नाही. विकणारा म्हणाला, "साहेब, जॅकबिक नाही लावू देत आम्ही."

कागदांची कथा वेगळीच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवर कंपनीच्या तपशिलाप्रमाणे जी गाडी नोंदली आहे तिच्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182अ आलं : बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आणि हे मालकाला, म्हणजे उद्या मावसभावाला. ग्राइंडर फिरवणारा तोवर तिसरीच गाडी कापत असेल. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण लागतं. एमएच-10 च्या इन्स्पेक्टरसमोर ही गाडी उभी करून काय सांगणार, वाऱ्यानं उडालं? आणि अपघात झालाच, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण.

"मग बाइकला कुठं छप्पर असतं?" हा त्याचा शेवटचा बाण. अरे, बाइकवर बसणाऱ्याला माहीत असतं की तो उघडा आहे. तो हेल्मेट घालतो (निदान पुण्यात वाद तरी घालतो). ही गाडी मात्र आपण मोटारीत आहोत असं भासवते, आणि मागच्या सीटवर त्याची सहा वर्षांची पोर बसणार आहे. गळीत हंगामात रात्री पेठ-सांगली रस्त्यावर या म्हणावं. बिनदिव्याची उसाची ट्रॉली ऐनवेळी समोर दिसते, स्टेअरिंग वळतं, चाक चारीत जातं आणि गाडी उलटते. त्या वेळी तिच्या डोक्यावर काय असेल? पुढच्या काचेची चौकट. तीही मूळ छपराच्या आधारानं उभी राहायची.

हे शेवटचं फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "टोकन देतील का रं परत?"

विकणारा नाही म्हणतोय. मावसभाऊ रविवारी सकाळी पुण्यात पोचतोय. दोघं मिळून यार्डात जाणार आहोत, आणि जॅक माझ्या डिकीतला नेणार आहे.