दहा मोहरांची गाय

घरातली मुले हल्ली सुट्टीत टेबलाभोवती बसून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ मांडतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी योद्धा, जादूगार किंवा चोर व्हायचे, आणि पुढे काय होणार ते ठरेना की फासे टाकायचे. खेळ नामी आहे. आमचे भांडण आहे ते त्याच्या नियमपुस्तकातल्या बाजारभावाच्या तक्त्याशी.

२०१४ च्या आवृत्तीत शेळी एक मोहर, मेंढी दोन, गाय १०, बैल १५. मोलमजुराला रोजी चांदीची दोन नाणी आणि दहा नाण्यांची एक मोहर; म्हणजे गाय ५० दिवसांच्या मजुरीची झाली. इथवर ठीक. पण दांडगा राखणदार कुत्रा २५ मोहरांना! अडीच गाई देऊन कुत्रा बांधणारा कुणबी कोणत्या मुलुखात राहतो, वाचकहो? हत्ती २०० मोहरांना आणि दुर्बीण १०००. एका दुर्बिणीत पाच हत्ती येतात. ती डोळ्याला लावून बहुधा तेच पाहायचे असावेत.

असो. आकडे दुरुस्त करता येतील. तलवार विकायला काढली तर निम्मी किंमत हाती येते. गुरे, मीठ, लोखंड मात्र पुऱ्या भावाने खपतात, नाण्यासारखी चालतात, असा या पुस्तकाचा नियम आहे. म्हणजे गाय ही चार पायांची मोहरच! ती पहिलारू की भाकड, सुगीत विकली की दुष्काळात, याची चौकशी नाही. दात पाहिल्यावाचून बैलाचा भाव बोलणारा माणूस आम्ही तरी पाहिलेला नाही.

गायगॅक्स यांनी १९७८ च्या पुस्तकात आपल्या चढ्या भावांचे समर्थन केले होते : अलास्कात सोने सापडले तेव्हा अंडेसुद्धा डॉलरला जात होते, तसेच हे समजा. समजलो. मग खाणीपासून चार मुक्काम दूर गेल्यावर भाव उतरायला नको? १३२४ साली मालीचा राजा मनसा मुसा मक्केला जाताना कैरोत इतके सोने वाटून गेला, की सोन्याचा भाव पडला तो कित्येक वर्षे सावरला नाही, असे अल-उमरी या अरब लेखकाने नोंदवले आहे. इथे मुले ड्रॅगनचा अख्खा खजिना खेड्यात ओततात, आणि दुसऱ्या दिवशी शेळी आपली एका मोहरेलाच!

कोणी म्हणेल, गोष्ट सांगणाऱ्याला भाव बदलण्याची मुभा आहे. आहे खरी. पण “पुस्तकात दहाच लिहिलंय!” असे ओरडणारा एक तरी वकील प्रत्येक टेबलाशी बसलेला असतो. ड्रॅगनशी तीन तास झुंज चालते; गाईचा सौदा एका वजाबाकीत उरकतो. या गोष्टीतल्या खेडुताला तोंड उघडायची संधी मिळते ती विकताना, आणि तीच तक्ता हिरावून घेतो. जनावर वाढवणाऱ्याने फक्त मान डोलवायची, भाव दूरवरच्या कोणी छापायचा, हे मुले पुढे जगात पाहतीलच. ते खेळातही कशाला?

आमची मागणी साधी आहे. एका आकड्याऐवजी दोन छापा, बऱ्या सालाचा आणि वाईट सालाचा. शेजारी एक रकाना ठेवा, विकणारा कोण आणि का विकतो यासाठी. विधवेची एकुलती गाय आणि सरदाराच्या गोठ्यातली चाळिसावी यांचा भाव एक कसा होईल? तोवर, घरातल्या ज्या मुलाकडे गोष्ट सांगायचे काम असेल त्याने त्या तक्त्यावर खुशाल चिवड्याचे ताट ठेवावे, आणि गाय घ्यायला आलेल्या योद्ध्याला आधी तिची धार काढून दाखवायला सांगावे.