धमनी चिरली होती, तुंबली नव्हती

हृदयविकाराचा झटका म्हटला की तंबाखू, मधुमेह आणि साठीतला पुरुष हे चित्र भारतीय मनात तयारच असते. या चित्रात न बसणारा एक आजार आहे. चाळिशी-पन्नाशीतली, धूम्रपान न करणारी, रक्तदाब व साखर आटोक्यात असलेली स्त्री छातीत दुखू लागल्याने रुग्णालयात येते. अँजिओग्राफीत चरबीचा थर दिसत नाही. कोरोनरी धमनीची भिंतच आतून चिरलेली असते. भिंतीच्या पदरांमध्ये रक्त साचते, त्या फुगवट्याने धमनीचा मार्ग दबतो आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. वैद्यकात यास ‘स्पॉन्टेनियस कोरोनरी आर्टरी डिसेक्शन’ किंवा संक्षेपाने ‘स्कॅड’ म्हणतात.

१९३१ मध्ये एका ४२ वर्षीय स्त्रीच्या शवविच्छेदनात या आजाराची पहिली नोंद झाली. त्यानंतर अनेक दशके तो अतिदुर्मीळ मानला गेला. धमनीच्या आतून प्रतिमा घेण्याचे तंत्र आल्यावर हा समज ढळला. याचे सुमारे नव्वद टक्के रुग्ण स्त्रिया असतात आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्यांमागे हेच कारण प्रामुख्याने आढळते.

येथे उपचाराचे नेहमीचे गणित बदलते. चरबीने अरुंद झालेली धमनी स्टेंटने उघडता येते. चिरलेल्या धमनीत मात्र तार खोट्या मार्गात शिरण्याचा आणि स्टेंटच्या दाबाने साचलेले रक्त पुढे सरकून चीर लांबण्याचा धोका असतो. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर धमनीला आपली आपण भरून येऊ देणे श्रेयस्कर ठरते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातील संशोधकांच्या नेतृत्वाखालील ७५० रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ८४ टक्क्यांवर प्रथम औषधोपचारच झाले. पण रक्तप्रवाह बंद पडला असेल, मुख्य डावी धमनी चिरली असेल किंवा रक्तदाब कोसळत असेल, तर स्टेंटच प्राण वाचवतो. तेव्हा स्टेंट बसवला म्हणजे चूक झाली, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. डिस्चार्ज कार्डावर ‘अँजिओप्लास्टी यशस्वी’ एवढेच लिहिले गेले, तर घरी परतलेली स्त्री ‘ब्लॉकेज’ची रुग्ण ठरते. नातलग तिच्या आहारात दोष शोधतात, ती स्वतःला अपराधी मानते आणि पुढचा डॉक्टर तिला चुकीच्या चौकटीत पाहतो. वस्तुतः दोन्ही आजारांची पुढची वाट वेगळी आहे. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे साधारणतः वर्षभर लागतात आणि ती मनाने थांबवणे घातक असते. कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन मात्र केवळ चिरेसाठी आवश्यक ठरत नाही. त्यासाठी वेगळे कारण असावे लागते. रक्तदाबावर काटेकोर नियंत्रण हवे. शरीरातील इतर धमन्यांचीही तपासणी करावी लागते, कारण अनेक रुग्णांत त्यांच्या भिंतींमध्येही दोष सापडतो. पुढील गरोदरपण व संप्रेरकयुक्त गोळ्यांचा निर्णय तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा लागतो.

भवितव्य निराशाजनक नाही. स्टेंटविना सोडलेल्या बहुतेक चिरा काही आठवड्यांत ते महिन्यांत भरून येतात आणि बहुसंख्य रुग्ण कामावर परततात. पुन्हा चीर पडण्याची शक्यता उरते, हेही खरे. म्हणून छातीतले प्रत्येक नवे दुखणे तपासून घ्यावे लागते. परंतु भीतीपोटी अंथरूण धरणे हा उपाय नव्हे. देखरेखीखालील मध्यम व्यायाम सुरक्षित ठरला आहे. टाळायचे ते अतिजड वजन उचलणे. झटक्यानंतर येणारी चिंता आणि खिन्नता हाही आजाराचाच भाग असून तिलाही उपचार लागतात.

या टप्प्यावर भारतीय व्यवस्था अपुरी पडते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना रुग्णालयाचे दार उघडले. ही पावले मोलाचीच. मात्र योजनेचे संरक्षण रुग्णालयातून सुटल्यानंतर १५ दिवसांपुरते असते, तर हृदयाचे पुनर्वसन काही महिने चालते. धातूची नळी स्वस्त झाली, तिच्यानंतरचे आयुष्य मात्र रुग्णाच्या नशिबावर सोडले गेले.

गंभीर रुग्णांची रांग लागलेली असताना एका विरळ आजाराकडे एवढे लक्ष कसे द्यावे, असे विचारले जाईल. उत्तर साधे आहे: डिस्चार्ज कार्डावर नेमके कारण लिहायला एक ओळ पुरते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ नोंदवहीने देशातील ८९ केंद्रांमधून २० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती जमवली होती. म्हणजे देशाला नोंद ठेवता येते. चिरलेल्या धमन्यांची अशीच नोंद झाली, तर भारतीय स्त्रियांना परदेशी आकड्यांवर विसंबावे लागणार नाही. आजाराला योग्य नाव मिळणे हा औषधोपचाराचा पहिला डोस आहे आणि तो विनामूल्य देता येतो.