20 मीटर की 120 मीटर? ल माँच्या सर्वात अटीतटीच्या शेवटाविषयी

फ्रान्समधील ल माँ येथे 1923 पासून 24 तासांची मोटार शर्यत होत आली आहे. शर्यतीचे दिवस जवळ आले की तिच्या चाहत्यांत एक जुना वाद हटकून डोके वर काढतो : या शर्यतीच्या इतिहासातील सर्वात अटीतटीचा शेवट कोणता? आकड्यांवर बोट ठेवणारे 1966 चे नाव घेतात. त्या वर्षी पहिल्या आणि दुसऱ्या गाडीतील अधिकृत अंतर अवघे 20 मीटर होते. दुसरा पक्ष 1969 पुढे करतो. तेव्हाचे अंतर सुमारे 120 मीटर. वीस हे एकशेवीसपेक्षा लहान, एवढ्यावर वाद मिटायला हवा. तो मिटत नाही, आणि मिटू नये हेच योग्य. कारण यांतला पहिला आकडा खरा असूनही तो शर्यतीविषयी काहीच सांगत नाही.

आधी नियम समजून घ्यावा लागेल. शंभर मीटरच्या धावण्यात अंतर ठरलेले असते आणि वेळ मोजतात. ल माँमध्ये याच्या नेमके उलट आहे. तिथे वेळ ठरलेली, 24 तास, आणि त्या वेळात कोणती गाडी सर्वाधिक अंतर कापते ते पाहायचे. त्यामुळे रेषा आधी कोणी ओलांडली, हा प्रश्न त्या काळी तत्त्वतः दुय्यम होता. एरवी या बारकाव्याने काही बिघडत नसे, कारण विजेता बहुधा काही फेऱ्यांनी पुढे असे. एकेक फेरी तेरा किलोमीटरहून लांब असताना वीस मीटरांचा हिशोब कोण करणार? 1966 मध्ये मात्र तो करावा लागला.

त्या वर्षी 18 आणि 19 जूनला झालेल्या शर्यतीत फेरारीच्या गाड्या एकामागून एक गळाल्या आणि रविवारी सकाळपर्यंत पहिली तिन्ही स्थाने फोर्डच्या हाती आली. केन माइल्स आणि डेनी हल्म यांची गाडी व ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन यांची गाडी आघाडीवर होत्या. तिसरी फोर्ड बऱ्याच फेऱ्या मागे होती. फोर्डच्या शर्यत विभागाचे प्रमुख लिओ बीबी यांना दोन गोष्टी सतावत होत्या. आपलेच चालक एकमेकांशी झुंजले तर हातातल्या गाड्या जातील, ही एक. दुसरी, तीन फोर्ड एकत्र रेषा ओलांडताना कशा दिसतील, ही. मग आघाडीच्या दोन्ही गाड्यांनी बरोबरीने शेवट करावा असे ठरले. पुढे असलेल्या माइल्सने वेग कमी केला, मॅक्लारेनला गाठू दिले, आणि पावसाळी हवेत फोर्डच्या गाड्या ताफ्यासारख्या रेषेकडे आल्या.

आता गंमत अशी की बरोबरी शक्यच नव्हती. गाड्या आरंभी सरावातील वेळेच्या क्रमाने पिटलगत तिरप्या रांगेत उभ्या असत. माइल्सची गाडी दुसरी होती, मॅक्लारेनची चौथी. म्हणजे दोघांनी 360 फेऱ्या पूर्ण करून एकाच क्षणी रेषा गाठली असती, तरी मागून निघालेल्या मॅक्लारेनने थोडे अधिक अंतर कापलेले असणार. शर्यत संपता संपता आयोजकांनी हे फोर्डला कळवले. तोवर हुकूम सुटलेला होता. अंतिम क्षणांच्या छायाचित्रांत मॅक्लारेनची गाडी किंचित पुढेही दिसते. विजय मॅक्लारेन आणि एमन यांना मिळाला.

म्हणजेच ते प्रसिद्ध 20 मीटर शनिवारी दुपारी, एकही गाडी हलण्यापूर्वी, जवळपास ठरून गेले होते. गाड्या कुठे उभ्या होत्या, त्याचे ते मोजमाप आहे. अटीतटीचा शेवट म्हणायचा तर दोन्ही बाजूंना जिंकण्याची मुभा हवी आणि दोन्ही बाजूंनी त्यासाठी जिवाचे रान केलेले हवे. इथे एका बाजूने हुकुमावरून ब्रेक लावला.

या अंतराची किंमत कोणी चुकवली, हे तर आणखी टोचणारे आहे. माइल्सने त्याच वर्षी डेटोनाची 24 तासांची आणि सेब्रिंगची 12 तासांची शर्यत जिंकली होती. ल माँ जिंकता तर एकाच वर्षात तिन्ही जिंकणारा तो पहिला चालक ठरला असता. 17 ऑगस्ट 1966 रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, रिव्हरसाइड येथे फोर्डच्या नव्या गाडीची चाचणी घेताना त्याचा मृत्यू झाला. दुसरी संधी आलीच नाही. 2019 च्या ‘फोर्ड व्ही फेरारी’ या चित्रपटाने ही हकीकत घराघरांत पोचवली हे चांगलेच झाले, पण चित्रपटाला खलनायक लागतो आणि तिथे तो बीबी झाला. (शेवटी एन्झो फेरारी माइल्सला टोपी काढून मान देतात, ते दृश्यही मनोरम आहे, फक्त एन्झो फेरारी त्या दिवशी ल माँला नव्हते.) समकालीन पत्र आणि नंतरची बखर यांत फरक करायला शिकलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. बीबी यांचा निर्णय चुकीचा होता, आयोजकांचा निकाल नियमाला धरून होता, आणि माइल्सवर अन्याय झाला. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

तीन वर्षांनंतरची गोष्ट निराळी आहे. तीही आरंभापासूनच सांगावी लागते.

ल माँचा आरंभ त्या काळी जगप्रसिद्ध होता. चालक रस्त्याच्या एका कडेला उभे, गाड्या समोरच्या कडेला. निशाण पडले की चालक धावत रस्ता ओलांडत, गाडीत उडी घेत, इंजिन सुरू करत आणि सुसाट निघत. सीटबेल्ट आले तेव्हा या सुंदर दृश्याचे विष उघड झाले. पट्टे नीट आवळायला वेळ लागे. तो वाचवण्यासाठी काही चालक पट्ट्याविना निघत आणि पुढे सरळ रस्त्यावर, भरवेगात, गाडी सांभाळत ते लावण्याची खटपट करत. दारेही घाईत अर्धवट लागत. 1968 मध्ये बेल्जियमच्या विली मेरेसच्या फोर्डचे दार नीट लागले नव्हते. पहिल्याच फेरीत मुल्सानच्या लांब सरळ रस्त्यावर ते उघडले, गाडी उधळली, आणि मेरेसची कारकीर्द तिथेच संपली.

14 जून 1969 रोजी दुपारी दोन वाजता निशाण पडले. (नेहमीची वेळ चारची, दुसऱ्या दिवशी फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान असल्याने ती अलीकडे आणली होती.) सगळे धावले. मेरेसचाच देशबांधव, 24 वर्षांचा जॅकी इक्स, मात्र चालत निघाला. त्याने शांतपणे रस्ता ओलांडला, दार लावले, पट्टे बांधले आणि सर्वांच्या मागून सुरुवात केली. त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फ या इंग्रज हौशी चालकाची पोर्शे 917 मेझाँ ब्लांशच्या वळणाजवळ ताब्यातून सुटली. वुल्फ गाडीबाहेर फेकला गेला आणि मरण पावला. त्याने पट्टा बांधलेला नव्हता. त्याच्या गाडीची पेटती इंधन टाकी मागून येणाऱ्या एका फेरारीच्या वाटेत आली आणि ती फेरारीही बाद झाली. तिच्या चाकामागे होता ख्रिस एमन, 1966 चा विजेता.

917 ही गाडी तेव्हा अगदी नवी, अफाट वेगवान आणि त्या वेगात अस्थिर होती. त्यामुळे वुल्फच्या मृत्यूचे सगळे खापर आरंभाच्या पद्धतीवर फोडता येत नाही. पण पट्ट्याविना निघण्याची सवय त्या पद्धतीनेच लावली होती, हे नाकारता येत नाही.

पुढचे एकवीस तास इक्सच्या विजयाची भाषा कोणी केली नसती. त्याची आणि जॅकी ऑलिव्हरची फोर्ड जीटी 40 ही एव्हाना जुनी झालेली गाडी होती. 1075 क्रमांकाच्या याच सांगाड्याने आदल्या वर्षीही ल माँ जिंकले होते. व्हिक एल्फर्ड आणि रिचर्ड ॲटवुड यांची 917 कित्येक फेऱ्या पुढे होती. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तिने दम तोडला. आघाडीवर आली ती जुनी फोर्ड, आणि तिच्या पाठीशी हान्स हेर्मान व जेरार लारूस यांची पोर्शे 908. या पोर्शेने शर्यतीच्या पूर्वार्धात पुढच्या चाकाच्या दुरुस्तीपायी जवळपास अर्धा तास गमावला होता आणि तो भरून काढत ती इथवर आली होती.

शेवटच्या टप्प्यात इक्स आणि हेर्मान समोरासमोर आले. इक्स चोविशीतला, हेर्मान एक्केचाळिशीतला. एकाच फेरीत आघाडी अनेकदा बदलू लागली. मुल्सानचा सरळ रस्ता तेव्हा अखंड होता; त्यावर पुढे असणे हा फायदा नसून तोटा होता. पुढची गाडी हवा कापते आणि मागची तिच्या आडोशाने, कमी विरोधात, वेग साठवते. यालाच स्लिपस्ट्रीम म्हणतात. म्हणून रस्त्याच्या सुरुवातीला मागे राहायचे आणि वळणाच्या तोंडाशी पुढे घुसायचे, हा डाव. अडचण एकच : दोघांनाही तो ठाऊक होता. हेर्मानच्या गाडीत ब्रेकचे पॅड झिजल्याची खूण करणारा दिवा लागला होता. पॅड बदलायला थांबावे तर शर्यत जाते, न थांबावे तर वळणावर उशिरा ब्रेक लावण्याची धिटाई करता येत नाही.

अखेरच्या फेरीत इक्सने इंधन संपत आल्याची बतावणी करून वेग कमी केला, हेर्मानला पुढे जाणे भाग पाडले, त्याच्या मागे चिकटला, आणि सरळ रस्ता संपण्याच्या आत त्याला मागे टाकले. मग उरलेली वळणे त्याने ती आघाडी राखली. 372 फेऱ्या, जवळपास 4998 किलोमीटर, आणि शेवटी फरक सुमारे 120 मीटर. ताशी 200 किलोमीटरच्या वेगाने एवढे अंतर कापायला दोन सेकंदांहून थोडासाच अधिक वेळ लागतो.

या तोडीचे दुसरे उदाहरण शोधू जाता फारसे हाती लागत नाही. 1933 मध्ये ताझियो नुव्होलारीने लुइजी किनेत्तीला सुमारे दहा सेकंदांनी मागे टाकले. 2011 मध्ये ऑडीने प्यूजोवर 13.854 सेकंदांनी मात केली. दोन्ही लढती अस्सल होत्या, दोन्हींत श्वास रोखला जावा असे पुष्कळ होते. पण अखेरच्या फेरीत एकाच रस्त्यावर दोनदा आघाडी बदलणे ही गोष्ट 1969 चीच.

तेव्हा मान 1969 ला द्यावा. मात्र तो देणाऱ्यांकडूनही एक आगळीक नेहमी घडते. इक्सच्या चालण्याची गोष्ट शुभशकुनासारखी सांगितली जाते : बघा, त्याने सुरक्षिततेसाठी काही सेकंद सोडले आणि तरीही तो जिंकला! जणू विजयाने त्याचे म्हणणे सिद्ध झाले. इक्स 120 मीटरने हरला असता तर? तेव्हा ‘धावला असता तर जिंकला असता’ असे म्हणणारे उभे राहिले असते, आणि तेही तितकेच पोकळ ठरले असते. चोवीस तासांच्या शर्यतीत पहिल्या मिनिटाचे काही सेकंद एकटे निवडून काढता येत नाहीत. मग हेर्मानचा चाकापायी गेलेला अर्धा तासही मोजावा लागेल. इक्सचे म्हणणे दुपारी दोन वाजता, रस्ता ओलांडताना, निकालाच्या आधीच योग्य होते. वुल्फच्या मृत्यूने ते अधिक योग्य झाले नाही, फक्त अधिक असह्य झाले. या शेवटाचे रसभरीत वर्णन करताना बहुतेक जण वुल्फचे नाव गाळतात. अंतिम दोन सेकंद पाठ असणाऱ्यांना पहिली फेरी माहीत नसते.

1970 मध्ये धावण्याची प्रथा बंद झाली. चालक आधीच गाडीत बसले, पट्टे बांधले आणि तसेच निघाले. पुढच्या वर्षीपासून गाड्या चालत्या स्थितीतच शर्यतीत सोडल्या जाऊ लागल्या. इक्सने ल माँ आणखी पाच वेळा जिंकले. हान्स हेर्मानला मात्र जून 1970 पर्यंतच थांबावे लागले. पावसाने झोडपलेल्या त्या शर्यतीत त्याने ॲटवुडसोबत 917 चालवली आणि पोर्शेला ल माँचे पहिले निर्विवाद विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर त्याने शर्यतींना रामराम ठोकला. त्या वेळी दुसऱ्या क्रमांकाची गाडी पाच फेऱ्या मागे होती.